विश्लेषण : मालवण, अंदमान की लक्षद्वीप? कुटुंबाच्या पहिल्या स्कूबासाठी ठिकाण कसे निवडायचे?

मराठवाड्याला समुद्र नाही. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरहून कोकणात निघालेल्या कुटुंबाला तिथल्या दोन-तीन दिवसांत सगळेच करायचे असते : सिंधुदुर्ग किल्ला, माशांचे ताट, डॉल्फिन आणि गेल्या काही वर्षांत हमखास स्कूबा. मोबाइलवरच्या रील्समध्ये हा अर्ध्या तासाचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात मुलांचे वय, समुद्राचा हंगाम, बोटीची अवस्था आणि परतीचा घाट या चार गोष्टींवर ठिकाण ठरायला हवे. पॅकेजचा दर त्यानंतर पाहावा.

पर्यटकाला ‘स्कूबा’ म्हणून नेमके काय मिळते?

किनाऱ्यावर विकले जाते ते प्रशिक्षण नसते, तर ‘ट्राय डाइव्ह’ असते. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. थोडक्यात सूचना मिळतात, पाठीवर हवेचे सिलिंडर चढते आणि प्रशिक्षक पर्यटकाला धरून काही मीटर खाली नेतो. पोहता न येणाऱ्यांनाही हे करता येते, अशी जाहिरात त्यामुळेच होते. स्वतंत्रपणे डाइव्ह करायचे असेल तर ‘ओपन वॉटर’ हा साधारण तीन ते चार दिवसांचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगणे येते.

दोन्हींचे भौतिकशास्त्र मात्र एकच आहे. दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर एकूण दाब जमिनीच्या दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कान दुखतात ते यामुळे. नाक दाबून हलकेच फुंकले की दाब सारखा होतो. वर येताना उलटे घडते. फुप्फुसातली हवा प्रसरण पावते, म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा वर्षांच्या मुलाला हा एक नियम कळला आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याला पाण्यात उतरवू नये.

वयाची अट काय?

‘पाडी’ या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या नियमानुसार ट्राय डाइव्हसाठी किमान वय १० वर्षे आणि कमाल खोली १२ मीटर आहे. आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी वेगळा उपक्रम असतो, त्यात खोली फक्त दोन मीटरपर्यंत. उदाहरणार्थ, चौघांच्या कुटुंबात मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा असेल, तर मुलगी आईवडिलांसोबत उतरू शकते, मुलगा नाही. त्याच्यासाठी उथळ, शांत पाण्यातले स्नॉर्कलिंग योग्य. ‘चालतंय, आम्ही सांभाळतो’ असे कोणी म्हणाले तर तिथून निघणे चांगले.

दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, नुकतेच झालेले ऑपरेशन यांपैकी काही असेल तर घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवे. गरोदरपणात डाइव्ह करू नये. साधी सर्दीही अडचणीची ठरते, कारण नाक बंद असेल तर कानातला दाब सारखा होत नाही.

कोणते ठिकाण कोणासाठी?

मालवण-तारकर्ली : संभाजीनगरकरांसाठी सर्वांत सोपा पर्याय. पुणे-कोल्हापूरमार्गे अंतर ६०० किलोमीटरहून जास्त आहे. रेल्वेने मुंबई गाठून कोकण रेल्वेने कुडाळला उतरता येते. बहुतेक ट्राय डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, कमी खोलीत होतात. एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत आहे. पाणी अंदमानइतके नितळ नसते, दृश्यमानता अनेकदा काही मीटरच. पण पहिल्या अनुभवासाठी आणि बेताच्या खर्चासाठी ही जागा पुरेशी आहे.

नेत्राणी : कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळचे हे बेट किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे. मासे आणि खडक मालवणपेक्षा सरस. मात्र खुल्या समुद्रातला बोटीचा प्रवास लांबचा, त्यात मुलांना बोट लागते. एकदा डाइव्ह केलेल्या, मोठी मुले असलेल्या कुटुंबांसाठी हे ठिकाण ठीक.

अंदमान : स्वराज द्वीपवर (पूर्वीचे हॅवलॉक) काही जागी बोटीशिवाय, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरून डाइव्ह सुरू करता येतो. घाबरणाऱ्या मुलांना हे सोयीचे जाते. पाणी नितळ आणि प्रवाळ जवळ. पण संभाजीनगरहून विमान बदलून श्रीविजयपुरम (पोर्ट ब्लेअर) आणि तिथून पुन्हा फेरी, म्हणजे जाण्या-येण्यात दोन दिवस जातात. चार दिवसांची सुटी असेल तर हा बेत आखू नये.

लक्षद्वीप : प्रवाळांनी वेढलेली उथळ, शांत सरोवरे लहान मुलांच्या स्नॉर्कलिंगसाठी उत्तम. कोचीहून विमानाने अगत्तीला किंवा जहाजाने जाता येते आणि बाहेरच्या भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. आयत्या वेळी ठरवून जाण्याचे हे ठिकाण नाही.

परदेशातली कुटुंबे कशी निवडतात?

अमेरिकेतली कुटुंबे डाइव्हसाठी कॅरेबियन बेटांवर जातात, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच प्रश्न असतात. बोनेअर हे बेट त्यांच्यात लोकप्रिय आहे, कारण तिथे किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येते आणि ते चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे. बेटाभोवतीचे प्रवाळ १९७९ पासून सागरी उद्यान म्हणून संरक्षित आहेत आणि डाइव्ह करणाऱ्यांकडून त्यासाठी शुल्क घेतले जाते. सोपा प्रवेश, सुरक्षित हंगाम आणि जपलेले प्रवाळ हे तीन निकष आपल्याकडेही तसेच लावता येतात.

सुटी कोणती धरायची?

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. त्यामुळे मालवणचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. दिवाळीनंतर, नोव्हेंबरपासून पाणी निवळत जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मेच्या सुटीत जायचे असेल तर पहिला पंधरवडा धरावा, शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळू लागतो. अंदमानात मान्सून महाराष्ट्राच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो. तिथे जानेवारी ते एप्रिल उत्तम.

घाट चढण्याआधी थांबायचे का?

हा प्रश्न किनाऱ्यावर सहसा कोणी विचारत नाही. दाबाखाली श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. नंतर लगेच उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, चक्कर, क्वचित त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून ‘डॅन’ या डाइव्ह सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे : एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळा. हा सल्ला सुमारे ६१० ते २,४०० मीटर उंचीसाठी आहे.

संभाजीनगरकराला विमानाशिवायही हा नियम लागू होऊ शकतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि खुद्द संभाजीनगर सुमारे ५७० मीटरवर. पाच-सहा मीटर खोलीवरच्या छोट्या ट्राय डाइव्हनंतर धोका फारच कमी असतो. तरीही सकाळी डाइव्ह आणि दुपारी गाडी घाटात, असा बेत आखण्यात शहाणपण नाही. मालवणला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी डाइव्ह उरकावा, किल्ला आणि बाजार नंतर ठेवावेत. मुक्काम तोच राहतो, फक्त क्रम बदलतो.

बोटीत बसण्याआधी काय पाहायचे?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. सिलिंडर, मास्क यांच्याइतकाच बोटीचा प्रवासही जोखमीचा असतो, हे त्या दिवशी दिसले. त्यामुळे पैसे देण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात.

• बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आहे का आणि किती प्रवाशांची?
• प्रत्येकाला, मुलांसह, मापाचे लाइफ जॅकेट मिळणार का? ते जाता-येता अंगावरच ठेवावे.
• एका प्रशिक्षकाकडे किती जण? ट्राय डाइव्हमध्ये मुलासोबत एक स्वतंत्र प्रशिक्षक हवा.
• बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचार पेटी आहे का?
• आरोग्याविषयीचा फॉर्म भरून घेतात का? फॉर्मच नसेल तर ती पहिली धोक्याची खूण.

आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळलेले आहेत का, हेही घरीच पॉलिसीत पाहून ठेवावे.

प्रवाळांचे काय?

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. प्रवाळ हे सजीव आहेत आणि अतिशय हळू वाढतात. त्यांच्यावर उभे राहणे, फोटोसाठी हाताने धरणे, मासे गोळा व्हावेत म्हणून ब्रेड टाकणे यांतून नुकसान होते. प्रशिक्षकाला आधीच ‘ब्रेड नको’ सांगता येते. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून कृत्रिम प्रवाळक्षेत्र करण्याचा प्रकल्पही एमटीडीसीने हाती घेतला आहे. पर्यटकांची गर्दी किल्ल्याजवळच्या खडकांवरून काही प्रमाणात हटली, तर त्याचा फायदाच होईल.

मग निवड कशी करायची?

पहिल्यांदाच उतरणार असाल, चार-पाच दिवस हाताशी असतील आणि मुले दहाच्या पुढची असतील तर मालवण. आठवडाभर वेळ आणि जास्त बजेट असेल तर अंदमान. मुले लहान असतील आणि दोन-तीन महिने आधी तयारी करता येत असेल तर लक्षद्वीप. नेत्राणी दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे. कुठेही जा, निघण्याआधी आठवडाभर शहरातल्या जलतरण तलावात मास्क लावून तोंडाने श्वास घेण्याचा सराव मुलांकडून करून घ्या. तिथेच ते घाबरले, तर समुद्रात आग्रह करू नका. स्नॉर्कलिंग करूनही सुटी चांगली जाते.