'ऑफ' म्हणजे बंदच?

दहावीच्या एका विद्यार्थिनीने उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं : 'अलार्म बंद पडला म्हणून लोक घाबरून हॉटेलबाहेर पळाले.' उताऱ्यातलं वाक्य होतं, 'द फायर अलार्म वेन्ट ऑफ', म्हणजे आगीची घंटा वाजू लागली. उत्तर चुकलं, पण तिचा तर्क सरळ होता. पंख्याच्या बटणापासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत 'ऑफ' म्हणजे बंद, हेच आपण तिला शिकवलं होतं. अशा चुकांच्या मुळाशी मुलांचा आळस नसतो, आपण दिलेले अर्धवट अर्थ असतात, हे वर्गात मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून 'गो ऑफ' या एका जोडीबद्दलचे गैरसमज नीट तपासून पाहू.

गैरसमज : 'ऑफ'चा मूळ अर्थ 'बंद'.

वस्तुस्थिती : मूळ अर्थ आहे 'दूर, अलग'. जुन्या इंग्रजीत 'ऑफ' आणि 'ऑव्ह' हा एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारलेलं रूप हळूहळू वेगळं झालं आणि सतराव्या शतकाच्या सुमारास दोघांच्या स्पेलिंगमधला फरक पक्का झाला. दिवा 'ऑफ' होतो तो विजेच्या प्रवाहापासून अलग झाल्यामुळे. 'बंद' हा अर्थ त्यातूनच निघाला.

आता चावीचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा. गजराची चावी दिली की आतली स्प्रिंग आवळून बसते आणि एक खटका तिला अडवून धरतो. नेमलेली वेळ झाली की खटका बाजूला होतो, स्प्रिंग सुटते आणि छोटी हातोडी घंटेवर थडथडू लागते. अडकलेलं सुटलं, हेच 'वेन्ट ऑफ'. चाप ओढल्यावर बंदुकीतून गोळी सुटते, तिथेही इंग्रजीत हेच क्रियापद येतं. हे चित्र एकदा मनात बसलं की गजर वाजण्याला 'ऑफ' का, हा प्रश्न उरत नाही.

गैरसमज : एक अर्थ पाठ केला की काम भागलं.

वस्तुस्थिती : अर्थ बहुतेकदा ठरतो तो कर्त्यावरून. म्हणून आधी 'कोण?' किंवा 'काय?' असं विचारावं.

- 'द बॉम्ब वेन्ट ऑफ' : बॉम्ब फुटला.
- 'द लाइट्स वेन्ट ऑफ' : दिवे गेले.
- 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' : दूध नासलं. हा प्रयोग विशेषतः ब्रिटिश इंग्रजीतला.
- 'शी वेन्ट ऑफ टू पुणे' : ती पुण्याला निघून गेली.
- 'ही हॅज गॉन ऑफ टी' : त्याचं चहावरून मन उडालं.
- 'द फंक्शन वेन्ट ऑफ वेल' : समारंभ छान पार पडला.

गजर 'गेला' की आवाज सुरू होतो आणि दिवे 'गेले' की उजेड संपतो. शब्द तेच, परिणाम उलटा.

गैरसमज : गजर बंद करण्यासाठीही 'गो ऑफ' चालेल.

वस्तुस्थिती : 'आय वेन्ट ऑफ द अलार्म' असं म्हणून गजर बंद होत नाही. गजर आपण बंद केला तर 'टर्न्ड ऑफ', आपल्यामुळे तो वाजला तर 'सेट ऑफ' आणि आपोआप वाजला तर 'वेन्ट ऑफ'. तिन्हींत 'ऑफ' आहे, पण क्रियापद बदललं की गोष्ट बदलते. 'गो ऑफ'च्या जागी दर वेळी एकच भारदस्त शब्द घालूनही चालत नाही. बॉम्बच्या बाबतीत 'एक्सप्लोड' ठीक, पण 'अलार्म एक्सप्लोडेड' म्हटलं तर घड्याळाच्याच ठिकऱ्या उडतील.

गैरसमज : ही आजकालची उथळ बोलभाषा आहे.

वस्तुस्थिती : सॅम्युएल जॉन्सन यांचा विख्यात इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. परक्या भाषकांना इंग्रजीत सर्वांत जास्त अडवतात ती अशी जोडक्रियापदं, हे त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं आणि ती कोशात कसोशीने गोळा केली. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पीअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून रूढ झालं. नाव शंभर वर्षांचं, पण प्रयोग त्याच्या कितीतरी आधीचे. आपली विद्यार्थिनी जिथे अडखळली, तिथे पावणेतीनशे वर्षं लोक अडखळत आले आहेत. यात तिला कमीपणा वाटण्याचं काही कारण नाही.

गैरसमज : मराठीत असली भानगड नाही.

वस्तुस्थिती : गाडी सुटते, शाळा सुटते, वारा सुटतो, कोडं सुटतं, तोंडाला पाणी सुटतं आणि चाळिशीत पोटही सुटतं. शाळा सुटली की संपते, वारा सुटला की सुरू होतो. समारंभ 'पार पडतो', पण कोसळत नाही. 'लिहून टाक' म्हटल्यावर कुणी वही फेकत नाही. हे अर्थ आपण यादी करून पाठ केले नव्हते. घरात, अंगणात, एसटी स्टँडवर वाक्यं कानांवर पडत गेली आणि अर्थ आपोआप रुजले.

इंग्रजीलाही तोच मान द्यावा. वहीत 'गो ऑफ'समोर अर्थांची रांग मांडू नये, गजर, दिवा, दूध, चहा यांची एकेक पूर्ण वाक्यं लिहावीत. त्या मुलीने तसंच केलं. दुधाच्या वाक्यापुढे तिने स्वतःच लिहिलं : 'चांगलेपणापासून दूर गेलं.' तो अर्थ मी तिला सांगितलेला नव्हता.