अडगळीतला लॅपटॉप, आरोग्याची रोजनिशी

‘चक्कर केव्हा येते?’ या प्रश्नाला तपासणीच्या खोलीत बहुधा ‘अधूनमधून’ एवढेच उत्तर मिळते. वेळेची नोंद असेल, तर ती रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना येते की जेवण लांबून साखर उतरल्याने, याचा माग लागतो.

ही रोजनिशी ठेवण्यास घरातील जुना लॅपटॉप पुरेसा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ संपले, म्हणून असे यंत्र लगेच भंगारात देऊ नका. त्यातील फाइली आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. मग त्यावर ‘लिनक्स मिंट’ किंवा सी-डॅकने घडवलेली ‘बॉस’ यांसारखी मुक्त प्रणाली विनामूल्य बसवता येते. हे काम जाणत्या नातवंडांकडे सोपवावे. ‘लिबर ऑफिस’मध्ये मराठीत लिहिता येते, इंटरनेट नसले तरी चालते आणि नोंद घरातच राहते.

तक्त्यात दिनांक, वेळ, रक्तदाब, साखर, औषध आणि त्रास असे सहा रकाने करा. पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजा. हात थरथरत असल्यास शुश्रूषा करणाऱ्याने लिहावे. शब्द मात्र रुग्णाचेच असावेत. ‘पाय जड वाटतात’ हे आम्हांस पुष्कळ सांगून जाते.

महिन्याकाठी ते पान छापून आणा. घाटीच्या गर्दीतही ते आपली बाजू मांडेल. नोंद पाहून गोळी स्वतःच बंद करू नका. आणि छातीत दुखू लागल्यास लिहीत बसू नका, १०८ क्रमांक फिरवा.