हट्टी मूल आणि वर्तनाचा विकार

‘पोरगें वाया गेलें’ हे शब्द आपल्याकडे फार सहज उच्चारले जातात. चाकूरसारख्या तालुक्याच्या गांवीं तर शाळेंत सकाळीं लागलेलें हें दूषण संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लींत पोहोंचतें. परंतु तें मूल केवळ हट्टी आहे, कीं त्याला खरोखर विकार जडला आहे, याचा विचार क्वचितच होतो.

तीन वर्षांच्या मुलाचें ‘नाहीं’ आणि चौदा वर्षांच्या मुलाचीं उलट उत्तरें हीं बहुधा वाढीचींच लक्षणें होत. मात्र राग, हुज्जत व आकस सहा महिने वा अधिक काळ टिकून राहिले आणि त्यांमुळें घरचा व शाळेंतील व्यवहार बिघडला, तर त्याला अवज्ञेचा विकार म्हणतात. याहून गंभीर तो वर्तनविकार. त्यांत मारामारी, मुक्या प्राण्यांचा छळ, नासधूस, चोरी, लबाडी, घरांतून पळून जाणें असे प्रकार वर्षभर पुनःपुन्हा घडत राहतात. पहिल्यांतून दुसरा उद्भवूं शकतो. परंतु बहुतेक मुलांच्या बाबतींत तसें होत नाहीं.

याचीं कारणें अनेक असतात. उपजत तापट स्वभाव, घरांतील कलह, मारहाण, वडिलांचें व्यसन हीं त्यांपैकीं कांहीं होत. कधीं वाचतां न येण्याची अडचण, अतिचंचलता किंवा खिन्नताहि रागाच्या आड दडलेली असते. मराठवाड्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांतील मूल कधीं आजीपाशीं राहतें, तर कधीं फडावर जातें. त्याची शाळा तुटते, घरचे नियम बदलतात. अशा मुलाच्या रागाला एकदम रोगाचें नांव देणें योग्य नव्हे.

विकार वाढतो कसा, हें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटर्सन यांनीं १९८२ च्या आपल्या ग्रंथांत उलगडून दाखविलें. समजा, आई म्हणते, ‘मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बैस.’ मुलगा ओरडतो, ताट भिरकावतो. शेजारीं ऐकूं जाईल म्हणून आई गप्प बसते. मुलगा शिकतो, कीं ओरडलें म्हणजे काम टळतें; आई शिकते, कीं माघार घेतली म्हणजे शांतता लाभते. दुसऱ्या दिवशीं वडील काठी उगारतात, मुलगा तेवढ्यापुरता दबतो, आणि काठीच चालते असें वडिलांना वाटूं लागतें. प्रत्येकाला तात्पुरता लाभ होतो. घर मात्र दिवसेंदिवस कडवट होत जातें.

म्हणून उपायाचा आरंभ आईवडिलांपासून होतो. नियम थोडे व स्पष्ट असावेत. मुलानें ऐकतांच त्याचें कौतुक करावें. नियम मोडल्यास आधीं सांगितलेली लहानशी शिक्षाच, न रागावतां, दर वेळीं करावी. आईनें केलेली शिक्षा आजीनें माफ करूं नये. रोज दहा-पंधरा मिनिटें उपदेश न करतां मुलासंगें घालवावीं. मारानें मूल मारणेंच शिकतें. शाळेंत तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षेला मनाईच आहे. किशोरवयीन मुलाच्या बाबतींत शिक्षक व सोबती यांचाहि विचार करावा लागतो.

मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा १८५७ मध्यें निघाली, तेव्हां बिघडलेल्या मुलाला घरापासून दूर ठेवणें हाच उपाय मानला जाई. १९३६ मध्यें स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें पुढच्याच वर्षीं बालमार्गदर्शन केंद्र उघडलें, आणि मुलाबरोबर त्याच्या घराचाहि विचार होऊं लागला. आज चाकूरच्या पालकांना लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील मानसोपचार विभागाकडे जातां येतें. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्लाहि मिळतो.

श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं उपाय जितका लवकर सुरू होईल, तितका तो सुकर ठरतो. मुलाची कृति वाईट असेल तर तसें स्पष्ट सांगावें. मूलच वाईट आहे, असें मात्र त्याच्यादेखत वा त्याच्यामागें कोणीहि म्हणूं नये.