साध्या मजकुरातील परिच्छेद आणि ओळींची मांडणी

शासकीय सूचना गावापर्यंत पोहोचते ती मजकुराच्या रूपाने. तालुक्याच्या कचेरीत तयार झालेला मजकूर ई-मेलने ग्रामपंचायतीकडे येतो आणि तेथून मोबाइलवरील संदेशाद्वारे घरोघर जातो. या प्रवासात शब्द सहसा बदलत नाहीत; मांडणी मात्र पुष्कळदा मोडते, आणि मांडणीबरोबर कधी कधी अर्थही मोडतो.

उदाहरणादाखल, एखाद्या अर्जासोबत जोडावयाच्या कागदपत्रांची पुढील यादी पाहावी :

रहिवासाचा पुरावा, पुढीलपैकी कोणताही एक :
    शिधापत्रिका
    विजेचे बिल
    घरपट्टीची पावती
जन्माचा दाखला

यातील मधले तीन कागद पर्यायी आहेत. जन्माचा दाखला मात्र आवश्यकच आहे. हा भेद कोणत्याही शब्दाने सांगितलेला नाही. तो केवळ डावीकडे सोडलेल्या रिकाम्या जागेने दाखविला आहे. ती जागा नाहीशी झाली की जन्माचा दाखला हा चौथा पर्याय वाटू लागतो. मग केवळ शिधापत्रिका घेऊन आलेल्या अर्जदारास परत जावे लागते व त्याची एक दिवसाची मजुरी बुडते. यात चूक अर्जदाराची नसते आणि नियमाचीही नसते.

साधा मजकूर म्हणजे काय?

नोटपॅडसारख्या टेक्स्ट एडिटरमध्ये तयार होणाऱ्या फाइलीत अक्षरांचा आकार, ठळकपणा किंवा वळण साठविले जात नाही. तिच्यात असते ती केवळ चिन्हांची एक सलग रांग. प्रत्येक चिन्हास एक क्रमांक असतो. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे, रिकाम्या जागेचा, म्हणजे स्पेसचा, ३२ आणि टॅबचा ९.

ओळ संपल्याची खूण ही टंकलेखन यंत्र व टेलिप्रिंटर यांच्याकडून आलेली आहे. त्या यंत्रांत ओळ संपली की दोन क्रिया होत : गाडी डावीकडच्या आरंभाशी परत येई आणि कागद एक ओळ वर सरके. या दोन क्रियांचे क्रमांक अनुक्रमे १३ व १० असे ठरले. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी या दोन्ही खुणा लिहिल्या जातात. लिनक्समध्ये केवळ १० ही एकच. या फरकामुळे २०१८ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये लिनक्सवर तयार झालेली फाइल उघडली असता सर्व मजकूर एकाच ओळीत सलग दिसत असे.

परिच्छेदासाठी मात्र रूढ अशी स्वतंत्र खूण नाही. दोन मजकुरांमध्ये एक मोकळी ओळ सोडणे, हाच सर्वत्र चालणारा संकेत होय.

मजकूर का विस्कटतो?

पडद्यावर ओळ दोन प्रकारे तुटते. पहिल्या प्रकारात एडिटर स्वतःच खिडकीच्या रुंदीप्रमाणे शब्द खालच्या ओळीत नेतो. फाइलीत त्याची नोंद होत नाही. दुसऱ्या प्रकारात लिहिणारा एंटरची कळ दाबतो आणि ती खूण फाइलीत कायम राहते. टंकलेखनाच्या सवयीने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबले, तर मोबाइलच्या अरुंद पडद्यावर एक पूर्ण ओळ व एक तुटकी ओळ असा मजकूर दिसतो. पीडीएफमधून उतरवून घेतलेल्या मजकुराचीही बहुधा हीच गत होते. टॅबची रुंदी काही एडिटरांत आठ स्पेसएवढी, तर काहींत चार स्पेसएवढी असते. त्यामुळे एका संगणकावर नीट दिसणारी यादी दुसऱ्यावर वाकडी दिसते.

दुरुस्तीची रीत

प्रथम मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवावी. नंतर प्रत्येक परिच्छेदानंतर मोकळी ओळ असल्याची खात्री करून घ्यावी. मोकळ्या दिसणाऱ्या ओळीत एखादी स्पेस राहिली असेल तर संगणक तिला मोकळी समजत नाही.

यानंतर, ओळ-समाप्तीची खूण शोधून बदलण्याची सोय असलेल्या एडिटरमध्ये पुढील क्रमाने काम करावे. लागोपाठ आलेल्या दोन ओळ-समाप्तींच्या जागी मजकुरात अन्यत्र न येणारे चिन्ह, जसे तीन तारका, घालावे. उरलेल्या प्रत्येक ओळ-समाप्तीच्या जागी एक स्पेस घालावी. शेवटी तारकांच्या जागी पुन्हा दोन ओळ-समाप्ती घालाव्यात. हा क्रम चुकल्यास संपूर्ण मजकुराचा एकच परिच्छेद होतो. याद्या, पत्ते, तक्ते व सहीचा मजकूर या क्रियेतून आधीच वगळावा. तेथील प्रत्येक ओळ हेतुपूर्वक तोडलेली असते. विम, इमॅक्स यांसारख्या एडिटरांत परिच्छेद पुन्हा जुळविण्याची तयार आज्ञा असते. परंतु यादी कोणती आणि परिच्छेद कोणता, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते.

देवनागरीची विशेष अडचण

‘ग्रामपंचायत’ हा शब्द वाचताना सहा अक्षरांचा भासतो; संगणक मात्र काना, अनुस्वार व हलन्त धरून त्यात अकरा चिन्हे मोजतो. शिवाय बहुतेक फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी सारखी नसते. म्हणून चिन्हे मोजून ओळी समान लांबीच्या करणे किंवा स्पेस देऊन तक्त्याचे रकाने जुळविणे मराठीत साधत नाही.

अर्थ रिकाम्या जागेवर सोपवू नये

यावरील सर्वांत खात्रीचा उपाय एडिटरमध्ये नसून लेखनात आहे. मुख्य बाबींस १, २ आणि पोटबाबींस अ, आ, इ असे क्रम द्यावेत. यादीच्या शेवटी “बाब १ मधील कोणताही एक कागद आणि बाब २ मधील दाखला, असे दोन्ही जोडावेत” असे स्पष्ट वाक्य लिहावे. सूचना पाठविण्यापूर्वी ती एकदा मोबाइलवर उघडून मूळ प्रतीशी ताडून पाहावी. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांकडून वरील यादी एकदा जागा सोडून व एकदा न सोडता लिहवून घ्यावी. दोन्हींचे अर्थ किती भिन्न होतात, हे त्यांच्या सहज ध्यानात येईल. अशा रीतीने लिहिलेल्या सूचनेची मांडणी वाटेत मोडली, तरी अर्जदाराचा हेलपाटा वाचेल.