पाळी, सिकलसेल आणि ‘अंतरा’

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेल घराघरांत ठाऊक आहे. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, कितीतरी मुली सांगतात, पाळी जवळ आली की हातपाय, कंबर ठणकू लागते. घरचे म्हणतात, ‘पाळीत दुखायचंच.’ हे खरं नाही. विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की येणारा वेदनेचा झटका पोटदुखीहून वेगळा असतो, आणि अनेकींना तो पाळीच्या सुमारासच येतो.

‘गर्भनिरोधक लग्न झालेल्यांसाठी, पोरीला कशाला?’ हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये जमैकातला अभ्यास आला. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या प्रोजेस्टोजेन या हार्मोनच्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या काळात स्त्रियांना वेदनेचे झटके कमी आले. तेच औषध आपल्या सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मोफत मिळतं. हा अभ्यास लहान होता, त्यामुळे खात्रीचा इलाज म्हणता येणार नाही. पण चाळीस वर्षांत ही गोष्ट आमच्या मुलींपर्यंत पोचू नये, याचं वाईट वाटतं.

या इंजेक्शनने पाळी कमी होते किंवा थांबते, तेव्हा लोक म्हणतात, ‘पाळी थांबली की घाण रक्त आत साठतं.’ साठत नाही. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, बाहेर पडायला काही उरत नाही. उलट रक्तस्राव कमी झाला तर आधीच रक्त कमी असलेल्या मुलीचा फायदाच. मूलही पुढे होतं. इंजेक्शन थांबवल्यावर काही महिने उशीर होतो, इतकंच.

मात्र ‘गोळी ती गोळी, कुठलीही चालेल’ हेही चूक. इस्ट्रोजेन असलेल्या मिश्र गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि सिकलसेलमध्ये तो मुळातच जास्त असतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये या गोळ्या सिकलसेलमध्ये नकोतच असं सांगितलं, आणि इंजेक्शनबाबतही सावधगिरी सुचवली. ते हाडांची घनता कमी करतं. खुब्याचं हाड दुखावलेल्या मुलीने तर आधी विचारावंच. फक्त प्रोजेस्टोजेनची गोळी, दंडातलं इम्प्लांट, हार्मोनची तांबी हे पर्याय आहेतच. साध्या कॉपर-टीने रक्तस्राव वाढू शकतो.

यातलं काहीही हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधाची जागा घेत नाही. ते औषध चालू असेल, तर गर्भधारणेचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करायचा असतो, म्हणजे हा विषय काढावा लागणारच आहे. मुलीच्या दुखण्याच्या आणि पाळीच्या तारखा तीन-चार महिने वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा.