मागच्या सीटवरचा पट्टा

ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. पट्टा माणसाला गाडीशी बांधतो, त्यामुळे बॉनेट चेपताना मिळणारं थोडंसं अंतर त्यालाही थांबायला मिळतं. शिवाय भार पोटावर न येता खांदा, छाती आणि कमरेच्या हाडांवर विभागला जातो. म्हणूनच खालचा पट्टा पोटावर नव्हे, ओटीपोटाखाली हाडाला घट्ट बसायला हवा.

‘एअरबॅग आहे ना’ हे उत्तर पुरेसं नाही. ती निमिषात फुगते आणि लगेच रिकामी होते. पट्टा नसलेला माणूस तिच्यावर चुकीच्या जागी, चुकीच्या क्षणी आदळतो. ‘मागे कशाला पट्टा?’ हा तर सर्वांत घातक समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी पट्टा लावला नव्हता. मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटवर आदळून पुढच्याचाही जीव धोक्यात घालतो. गाडी सुरू करण्याआधी मागे वळून सगळ्यांचे पट्टे बघा.