मोकळी वाट कोणती?

एका शाळेतील शिक्षकांनी आम्हाला त्यांच्या संगणक कक्षातील वायफायची तक्रार सांगितली. सकाळी ते झटपट चालते. संध्याकाळी आसपासच्या घरांतील माणसे परतली, की तेच रखडू लागते. संगणक तेवढेच, यंत्रही तेच. मग बिघडते काय?

वायफायचे यंत्र, म्हणजेच राऊटर, हे रेडिओ लहरींचे एक छोटे प्रक्षेपण केंद्र असते. त्याला वापरता येणारा एक प्रमुख पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. भारतात २००५ साली तो परवान्याविना वापरायला खुला झाला. जिथे परवाना लागत नाही तिथे गर्दी होणारच! शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ, शिवाय सुमारे २४५० मेगाहर्ट्झच्या लहरींवर अन्न तापवणारी मायक्रोवेव्ह भट्टी, सगळे याच गल्लीत.

या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आखलेले आहेत. पहिल्याचा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर आणि पुढचा प्रत्येक ५ मेगाहर्ट्झ अंतरावर. पण एका यंत्राच्या संदेशांना जागा लागते सुमारे २० ते २२ मेगाहर्ट्झ! त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल हवे असतील, तर १, ६ आणि ११ असे तीनच हाती उरतात.

यांतला एक राऊटर कसा निवडतो? आधी तो ऐकतो. प्रत्येक चॅनेलवर थोडा थोडा वेळ थांबून कानोसा घेतो. वायफायचे प्रत्येक यंत्र साधारणपणे सेकंदाला दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देत असते. अशा हाळ्या किती ऐकू आल्या, किती जोरात आल्या, चॅनेल किती वेळ व्यापलेला होता, यावरून राऊटर प्रत्येक चॅनेलला जणू गुण देतो आणि सर्वांत कमी गर्दीचा निवडतो. गुण देण्याची रीत मात्र प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते.

येथे विद्यार्थी हमखास विचारतील : १ आणि ६ वर गर्दी असेल, तर मधला ३ का घेऊ नये? कारण एकाच चॅनेलवरची यंत्रे एकमेकांचे संदेश ओळखतात आणि एक बोलत असताना दुसरे थांबते. वेग वाटला जातो, पण गोंधळ होत नाही. ३ वर बसलेल्या यंत्राला १ आणि ६ वरचे बोलणे अर्धवट पोचते. ते त्याला कळत नाही, नुसता गोंगाट वाटतो. दोन्हीकडचा त्रास सोसावा लागतो आणि दोन्हीकडे त्रास द्यावाही लागतो.

आता वर्गात एक खेळ करून पाहा. अ, ब, क, ड असे चार विद्यार्थी एका ओळीत उभे करा. प्रत्येकाजवळ एक लाल आणि एक हिरवे कार्ड द्या. नियम एकच : लगतच्या शेजाऱ्याचा रंग आपल्याला नको. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याकडे पाहायचे, आपसांत बोलायचे नाही. समजा, अ आणि ड यांनी आधी लाल दाखवले. मग ब हिरवे दाखवतो. क ने काय करावे? एका बाजूला हिरवा, दुसऱ्या बाजूला लाल! त्याने हिरवे धरले असे समजू. आता ब आणि क यांची टक्कर चालू आहे, पण कोणी एकट्याने रंग बदलला तरी टक्कर टळत नाही, फक्त तिची जागा बदलते. आणि अ व ड? त्यांना काहीच त्रास नाही, म्हणून ते जागचे हलत नाहीत.

वास्तविक लाल-हिरवा-लाल-हिरवा अशी बिनटक्कर मांडणी शक्य होती. तिच्यासाठी सुखात असलेल्या ड ला रंग बदलावा लागला असता. प्रत्येकाने स्वतःपुरते उत्तम निवडले, तरी सर्वांचे मिळून उत्तम होईलच असे नाही, ते असे. म्हणूनच मोठ्या महाविद्यालयांत किंवा रुग्णालयांत सर्व यंत्रांचे चॅनेल एकच नियंत्रक ठरवतो. चाळीत किंवा सोसायटीत असा नियंत्रक कोण असणार?

आता त्या शाळेकडे वळू. तिथला राऊटर सकाळी चालू केला जाई आणि चालू होतानाच तेवढा कानोसा घेई. त्याने ऐकली ती सकाळची शांतता. संध्याकाळची गर्दी त्याने ऐकलीच नव्हती. शिवाय तो कोपऱ्यातल्या कपाटावर होता. त्याला तिथे जे ऐकू येई, ते खिडकीजवळच्या संगणकाला ऐकू येणाऱ्यापेक्षा वेगळे असणार. उपाय साधा होता : राऊटर खोलीच्या मध्यावर आणायचा आणि गर्दीच्या वेळी बंद करून पुन्हा चालू करायचा.

तेवढ्याने गर्दी नाहीशी होत नाही, हे मात्र विद्यार्थ्यांना जरूर सांगा. खुला पट्टा गावच्या पाणवठ्यासारखा आहे. तो सर्वांचा आहे, म्हणून आधी ऐकावे, मग बोलावे आणि कधी कधी स्वतःला त्रास नसतानाही थोडे सरकावे.